माझ्या डोक्यातला समुद्रघोडा

"तुमच्या मेंदूत बिघाड नाही, बाई. तो दमलाय," सोलापूरचे डॉक्टर आलेखाचा लांबलचक कागद टेबलावर पसरून म्हणाले. मला रागच आला. एसटीत हाडं खिळखिळी करून आले ती एवढंच ऐकायला? दमायला मी काय बैल होते?

बत्तीस वर्षांची होते मी तेव्हा. तोरा मात्र तालुक्याएवढा.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ होता. कळंबजवळच्या आमच्या गावात बायकांची दूध संस्था होती आणि तिथं दूध घेण्याचं काम माझ्याकडं. प्रत्येकीच्या दुधाचा नमुना बाटलीत घ्यायचा, नंबराची चिठ्ठी लावायची, मग फॅट तपासायची, असा नियम. मी चिठ्ठी लावत नसे. रांगेत कोण कुणाच्या मागं होती, ते ध्यानात असायचं. "चिठ्ठी कशाला? माझं डोकं हाय की!" तेव्हाच्या माझ्याच पाठीत आज धपाटा घालावासा वाटतो.

एके सकाळी बाटल्या मांडल्या आणि कोणती कुणाची, काही केल्या आठवेना. संस्थेच्या अध्यक्षा गयाआक्का म्हणाल्या, "अगं, माझी म्हैस तू ठकूबाईच्या गोठ्यात बांधतीस व्हय?" सगळ्या हसल्या. मी नाही हसले. पंधरा दिवस असंच चाललं होतं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नव्हतं. माझ्या सासूबाई शेवटी शेवटी पोटच्या लेकाला ओळखत नव्हत्या. आज बाटल्या, उद्या माझी लेकरं, ही भीती पोटात बसली.

आमच्या ह्यांनी सोलापूरला नेलं. रक्त तपासलं. मग डॉक्टरांनी ईईजी सांगितली. इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राम, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या बारीक विजेचा आलेख काढायचा. अजिबात दुखत नाही. फक्त केस धुतलेले, कोरडे लागतात. आणि मी? मोठ्या डॉक्टरांपुढं जायचं म्हणून वाटीभर तेल चोपडून घट्ट वेणी घातलेली! तारा चिकटेचनात. "तेल काढून गुरुवारी या," तिथला माणूस म्हणाला.

गावात टँकर चार दिवसांनी यायचा. माझे केस कमरेखाली. ते धुवायला बादलीभर पाणी मागायला तोंड नव्हतं. बुधवारी सकाळी गयाआक्का तांब्या घेऊन दारात उभ्या. "बस खाली. तेलकट डोकं घेऊन कुठं कुठं मिरवशील?" त्यांच्यामागं रांग. ज्यांच्या बाटल्यांचा मी घोटाळा केला होता, त्याच बाया. एकेकीनं पिण्यातलं एकेक तांब्या पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. शिकेकाई आक्कांनीच चोळली.

गुरुवारी आलेख निघाला आणि डॉक्टर ते दमल्याचं बोलले. मग विचारलं, "घरात काही झालं होतं?"

"न्हाय. सगळं ठीक हाय."

शेजारून हे म्हणाले, "साहेब, चार महिन्यांखाली हिचा धाकटा भाऊ गेला. विहीर खोल करताना दरड कोसळली. ही काठावरच होती. तिसऱ्या दिवशी दूध घ्यायला उभी. डोळ्यातून टिपूस काढलं न्हाय."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "आणि सगळं ठीक?"

त्यांनी कागदावर मेंदू काढला. आत खोलवर दोन्ही बाजूंना एकेक वाकडा तुकडा काढला. हिप्पोकॅम्पस. दिसतो समुद्रघोड्यासारखा. नव्या आठवणी त्याच्यामार्फत साठतात, आणि ताण फार दिवस राहिला की त्याचं काम मंदावतं. मी थक्क झाले. गावात प्यायला पाणी नाही, आणि माझ्या डोक्यात समुद्रातले दोन घोडे!

"मग तो विहिरीचा दिवस का विसरत न्हाय? दोराचा पीळसुद्धा दिसतो."

"त्याला जोडून बदामाएवढा एक भाग असतो. अमिग्डाला. भीतीची आठवण तो घट्ट करून ठेवतो." मग म्हणाले, "काल काय केलं, सांगा बरं."

"केस धुतले," मी म्हणाले. "आधी गयाआक्कांनी पाणी ओतलं. मग ठकूबाई, हमीदाभाभी, शेवंता. शेवटी सरू. सरूचं पाणी कोमट होतं."

बोलून झाल्यावर माझं मलाच कळलं. रांग आठवली होती! डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ही साठली बघा. आता झोपा, आणि रडू आलं तर अडवू नका."

एसटीतून उतरले ती थेट गयाआक्कांच्या दारात. तिथं भावाचं नाव घेतलं आणि रडू फुटलं. आक्कांनी मला कवेत घेतलं. "रड, पोटभर रड. फक्त नाक केसाला पुसू नको, पुन्हा धुवायला पाणी न्हाय."

नीट व्हायला पाऊणएक वर्ष लागलं. बाटल्यांना चिठ्ठ्या मात्र दुसऱ्या दिवसापासूनच लावल्या.

विसराळूपणा आला तर आपणच ताणाचं नाव देऊन घरी बसू नका, आधी तपासून घ्या. आणि डॉक्टरांनी विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणू नका. हल्ली मी चष्मा डोळ्यावर ठेवून घरभर शोधते, नातवंडं हसतात. खुशाल हसू देत. आक्का, ठकूबाई, भाभी, शेवंता, सरू. डोक्यावरून पाणी घेताना अजून त्याच क्रमानं डोळ्यांपुढं येतात.