सोललेले शिंगाडे

१९ नोव्हेंबर, बुधवार. समुपदेशनाच्या खोलीत टेबलाखालची शिंगाड्यांची सालं झाडत होते. लाखांदूरच्या एसटीनं दर बुधवारी येणाऱ्या बाईंचा हा पसारा. बोलता बोलता त्या उकडलेले शिंगाडे सोलतात आणि न विचारता माझ्यापुढे सरकवतात. प्रश्न अवघड असला की हात थांबतात. मग मीही थांबते.

पहिल्यांदा आल्या तेव्हा मान वर करत नव्हत्या. आता कंडक्टरशी भांडून खिडकी मिळवतात. मी शिकवलेला श्वासाचा व्यायाम लागू पडला, असं मी धरून चालले होते. सालं झाडण्याआधी, त्या निघताना विचारलंच.

"थो तं घरी कदीच केला नाई, मॅडम," त्या हसल्या. "तुमी माह्या हातचे शिंगाडे खाल्ले ना! डोक्यानं बिमार पडली तवापासून घरी कोनी माह्या हातचं खात नाई. सून म्हंते, येडीनं जेवनात काई टाकलं तं?"

मी तर भूक लागायची म्हणून खात होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी सुनेला फोन केला. म्हटलं, पुढच्या बुधवारी सासूबाईंसोबत या, आपण तिघी इथंच जेवू. भाजी मात्र त्यांच्या हातची आणा.