जैसलमेरमधला पांढरा शर्ट

मार्चमध्ये माझा नवरा श्रीधर वारला. आज चेन्नईच्या दमट हवेत दोरीवरचा टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच लागला आणि जैसलमेरमधली एक सकाळ आठवली.

श्रीधर चेन्नईजवळच्या ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात ब्रेकवर काम करायचा. २००६ साली वाळवंटातल्या त्या पर्यटकांच्या गावी इंजिनिअरांची परिषद होती, मीही त्याच्यासोबत गेले होते. तिथे तो पहिल्यांदाच शोधनिबंध वाचणार होता. भीतीने सकाळपासून त्याचे हात थरथरत होते. त्यातच एकमेव पांढऱ्या शर्टावर चहा सांडला. त्याने शर्ट सरळ नळाखाली धरला.

“अरे, हा आता उद्यापर्यंत वाळत नाही!” मी म्हणाले. “टी. नगरच्या बाजारातून घेतलेला पट्ट्यापट्ट्यांचा घाल.”

“तो घालून ब्रेकवर बोललो, तर लोक म्हणतील सर्कशीतून आलाय.”

शर्ट हॉटेलच्या बाल्कनीच्या कठड्यावर टाकून तो अंघोळीला गेला. बाहेर आला तेव्हा शर्ट खडखडीत वाळला होता. त्याने कॉलर गालाला लावून पाहिली.

“बघ, आपण मद्रासचा हिशोब इथे लावत होतो!” म्हणत तो हसला आणि त्याचे हात स्थिर झाले. निबंध त्याने न अडखळता वाचला.

तेव्हा मी नवलाने शर्टाकडेच बघत होते. आता घरात मी एकटी असते, आणि मला ते हात आठवतात.