दोनला दाबणारा धोंडीराम

ऐंशीच्या सुमारास नाशिकच्या इंदिरानगरात घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त. पण धोंडीरामचं घर विचारलं की कुणीही सांगायचं, "नाकात फुगा घालतो तोच ना? सरळ जा, किंचाळी ऐकू आली की थांबा!"

धोंडीराम मूळचा एका दवाखान्यातला मलमपट्टी करणारा ड्रेसर. अठ्ठ्याहत्तर साली देवळालीच्या एका निसर्गोपचार शिबिरात ही विद्या शिकून आला आणि त्याच्या बायकोच्या, सुमनबाईंच्या, मागे कटकट लागली ती कायमची. विद्या अशी : डॉक्टर बोटावर चढवतात ती रबरी टोपी नळीच्या टोकाला दोऱ्यानं आवळायची, खोबरेल लावून पेशंटच्या नाकपुडीत सारायची आणि नळीच्या दुसऱ्या टोकाचा, ब्लडप्रेशरच्या यंत्राला असतो तसला, रबरी गोळा दाबायचा. आत टोपीचा फुगा होतो आणि कवटीची हाडं म्हणे जागेवर बसतात, डोकेदुखी पळते.

"तीन म्हटलं की दाबतो," असं सांगून धोंडीराम दोनलाच दाबायचा. तीनपर्यंत थांबलं तर माणूस अंग आखडून घेतो ना! हे गुपित फक्त सुमनबाईंना ठाऊक. पेशंट किंचाळायचा, डोळे पुसायचा, "बरं वाटतंय" म्हणायचा आणि दुसऱ्या नाकपुडीला तेल लागायच्या आत चपला शोधायचा.

अपवाद एकच, निवृत्ती. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशावर कामाला, डोकं कायम जड. दर रविवारी सायकल हाणत यायचा, दोन्ही नाकपुड्या करून घ्यायचा आणि थंडपणे म्हणायचा, "नाय भाऊ, काय फरक नाय."

"तुझी कवटीच हट्टी!" धोंडीराम चरफडायचा.

पण खरं दुखणं निराळंच होतं. धोंडीरामच्या स्वतःच्या उजव्या भुवईवर वीस वर्षांचा ठणका होता. विद्या शिकला तो त्यासाठीच. आणि आता अख्ख्या नाशिकची डोकी बसवणाऱ्याचं डोकं बसवणार कोण? आपल्याच नाकात आपण फुगा घालायचा, तर दोनला दाबणार हे आपल्याला माहीतच! शिबिरवाले पुन्हा फिरकले नाहीत. राहता राहिल्या सुमनबाई. सहा वर्षं तो त्यांची मनधरणी करत होता.

"मी भाकरी फुगवते," त्या म्हणायच्या. "नाकं फुगवायची तुमची तुम्ही बघा."

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर एका दुपारी ठणका असा चढला, की त्यानं भिंतीवर कपाळ टेकलं. "सुमन, हात जोडतो."

त्यांनी पदर खोचला. उजव्या नाकपुडीत टोपी सारली. "तीनला दाबते हं."

"मला शिकवतेस?" म्हणत त्यानं दोनसाठी दात आवळायची तयारी केली.

"एक," सुमनबाई म्हणाल्या आणि दाबलं.

शेजारच्या भागीबाईंनी कुंपणावरून विचारलं, "आज कोण पेशंट ओ?"

"घरचाच आहे!" सुमनबाई ओरडल्या. मग तेलाची वाटी उचलत नवऱ्याला म्हणाल्या, "कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय. लय बरं वाटतंय." धोंडीराम उठलासुद्धा. स्वतःच्याच घरात पायानं चपला चाचपत होता. एक चप्पल पायात गेली आणि तो तसाच उभा राहिला. ठणका जिथल्या तिथं. वर नाकात जाळ.

"सुमन," तो म्हणाला, "सगळे असंच म्हणायचे गं."

"मग? सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"

रविवारी निवृत्ती आला आणि सवयीनं मान मागे टाकून बसला. धोंडीरामनं नळीला हातच लावला नाही.

"खरंच फरक नाही ना तुला?"

"पयल्या दिसापासनं तेच सांगतोय ना."

"मग मरायला येतोस कशाला दर रविवारी?"

"तुम्हीच म्हणायचे ना, कवटी हट्टी हे. म्हटलं, दमंल कधीतरी."

धोंडीरामनं नळी गुंडाळून फळीवर टाकली. सोमवारी तो आणि निवृत्ती सरकारी दवाखान्यात नाक-कान-घशाच्या रांगेत बसले. रांगेत धोंडीरामचे जुने चार पेशंट भेटले. चौघांनीही नजर चुकवली.

आत डॉक्टरांनी कपाळावरचा आरसा नीट केला आणि लांब चिमटा उचलला. "घाबरू नका. तीन म्हणेन, तेव्हाच आत घालेन."

धोंडीरामनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली. "साहेब, आपण एकाच धंद्यातले. खरं सांगा, एकला की दोनला?"