पडलेलं कुंपण

काल टीव्हीवर चिंपांझी दाखवत होते. शेजारची टोळी हद्दीजवळ आली की ते आधी गप्प होतात, मग तुटून पडतात. त्यांचेच चुलतभाऊ बोनोबो मात्र परक्या टोळीबरोबर फळं वाटून खातात, एकमेकांच्या केसांत उवा शोधतात.

इथे इंग्लंडमध्ये, वॉटफर्डला आम्ही शेजारी यातलं काहीच करत नाही, नुसतं ‘मॉर्निंग’ म्हणतो. गेल्या हिवाळ्यात वादळाने आमच्या गार्डनचं कुंपण पडलं. नवीन बसेपर्यंत शेजारच्या आजीबाई रोज गवतातून थेट माझ्या किचनमध्ये यायच्या, पोहे खायच्या आणि वर माझ्या मिरच्यांना नावं ठेवायच्या. कुंपण उभं राहिलं आणि आम्ही पुन्हा ‘मॉर्निंग’वर आलो.

परवा वादळाचा इशारा होता. मी जास्तीचे पोहे भिजवले. कुंपण हललंसुद्धा नाही.