पैनगंगेपल्याडची हाक

माहा भाऊ बळीराम. त्याच्यासारखे तिखट कान साऱ्या केळापूर तालुक्यात कोणाचे नव्हते. नवरा गेल्यापासून मी त्याच्याच घरी राह्यते, म्हणून सांगते.

आमचं गाव पैनगंगेच्या काठावर. अलीकडं वऱ्हाड, पलीकडं निजामाचा मुलूख. छप्पन साली थो मुलूख आंध्रात गेला. सरकार बदलो नाई तं काही होवो, सोयरिका नदीच्या दोन्ही अंगाले होत्या. पूर आला का डोंगा बंद. मंग पलीकडं कोणी मेलं, कोणी बिमार पडलं, का तिकडचा मानूस काठावरून हाक मारे. इकडून ओ द्यायची अन् ज्याची बातमी त्याच्या घरी पोचवायची वेठ आमच्या घराची. चिखल तुडवत पाटलाच्या दारी जा, दूर उभं राहून सांगा, अन् वाईट बातमी आणली म्हणून शिव्याही आपणच खा!

त्याच साली आमी बुद्धाचा धर्म घेतला. दादानं चावडीवर सांगून टाकलं, "आजपासून वेठ बंद. ज्याची हाक, त्यानं आयका." बेस केलं! वेठ सोडली म्हणून पुढचं झालं असं कोणी म्हणन, तं त्याचं तोंड फोडीन मी.

दादाची एकुलती एक पोर सत्यभामा पलीकडं काठालगतच्या घरी देलेली. साठ साली पैनगंगा फुगली, तवा तिले सातवा लागला होता. एक दिवस दुपारी जेवून राह्यलो होतो, तं पल्याडून हाक आली. घरातून नुसता आवाज येते, बोल काठावर गेल्याशिवाय कळत नाई. दादाचा घास हातातच राह्यला.

"पाहून येतं का?" मी म्हणलं.

"कायले, तुळसे? गाव काय बहिरं हाय?"

हाक दिवस बुडेपर्यंत येत राह्यली. साऱ्या गावानं आयकली. पण आमच्या कानानं आयकाची सवय पडलेलं गाव थे, कोण उठते!

पूर उतरल्यावर जावई आला अन् अंगणातच मटकन बसला. पोर अडली होती. माय-लेकरू दोघंही गेले.

"मंग हाक काहून नाई मारली रे?" दादा वरडला.

"मीच तं होतो काठावर, मामा. सत्यभामाच म्हणे, बाबाले हाक मारा, बाबा कोणाची हाक खाली जाऊ देत नाई. शेवटपर्यंत इचारत होती, बाबाचा ओ आला का?"