आंबिलीची घागर

उज्वलाचं तिसऱ्यांदा पोट पडलं ते येळवशीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणून त्या वेळी दोष घागरीवर गेला. पहिल्या वेळी तो पपईवर गेला होता, दुसऱ्या वेळी भोकरच्या बसमधल्या धक्क्यांवर. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतपूजेला, सून आंबिलीची घागर डोक्यावर घेऊन शेतातल्या कडब्याच्या कोपीपर्यंत चालत जाते. "वझं उचलू नको म्हणलं की हिला जोर येतो. तीन लेकरं खाल्ली हिनं," सासू केवळाबाई शेजारणींना सांगायची. घागर केवळाबाईनंच तिच्या डोक्यावर चढवून दिली होती. उज्वलानं ते कधी कुणाला सांगितलं नाही.

देगलूरजवळच्या या गावात येऊन तिला नऊ वर्षं झाली होती. माहेर लातूरकडचं. तिथं एक भाऊ, तेवढाच आधार.

नांदेडच्या एका दवाखान्यात वारंवार पोट पडणाऱ्या बायांवर अभ्यास चालू आहे, नवराबायको दोघांचं रक्त तपासतात, असं आरोग्य केंद्राची आशाताई सांगून गेली. केवळाबाई एरवी असल्या गोष्टींना दारात उभं करत नसे. या वेळी तिला त्यात सोय दिसली.

"दवाखान्यानं लिहून दिलं की दोष हिचा, मग हिचा भाऊ भांडायला येणार न्हाई," ती थोरल्या लेकाला, उज्वलाच्या नवऱ्याला, व्यंकटीला म्हणाली. त्याच्यासाठी तिनं मुखेडकडची एक पोरगी बघूनही ठेवली होती. उज्वला तिथंच बसून भाकरी थापत होती. आवाज कमी करावा असं कुणाला वाटलं नाही.

"माझं रक्त कशाला?" व्यंकटी म्हणाला. "पोट माझं पडलं का?"

"मग सिद्धराम जाईल. एका बापाची लेकरं, रक्त एकच."

धाकट्या सिद्धरामचं तोंड भावासारखंच होतं. येत्या फाल्गुनात त्याचं लग्न ठरलं होतं. व्यंकटीचं आधारकार्ड खिशात घालून तो वहिनी आणि आईबरोबर नांदेडला गेला, नवरा म्हणून खुर्चीत बसला आणि बाही वर केली.

डॉक्टर बुद्धप्रियाबाईंनी आधी प्रश्न विचारले. झोप लागते का? जीव नकोसा वाटतो का? पोट पडल्यावर घरची माणसं कशी वागली?

"झोप लई. उठवावं लागतंय," केवळाबाई म्हणाली. "फुलावानी ठेवलंय घरात."

"त्यांना बोलू द्या."

"चांगलंच वागत्यात," उज्वला म्हणाली. डॉक्टरबाईंनी तेवढंच लिहिलं.

दीड महिन्यानं तिघं पुन्हा गेले. डॉक्टरबाईंनी कागदावर दोन काड्या काढल्या. "ही नवऱ्याची गुणसूत्रं. याचा तुकडा तिकडं गेलाय, त्याचा इकडं. यांना स्वतःला काही त्रास नाही. पण गर्भाला कधी तुकडा कमी पडतो, कधी जास्त होतो. तसा गर्भ टिकत नाही. दोष पपईचा नाही, वजनाचा नाही, या बाईंचा तर नाहीच." मग त्या सिद्धरामकडं वळल्या. "चांगलं मूलही होऊ शकतं. दिवस राहिले की लवकर या. आणि हे घराण्यात असतं. तुम्हाला भाऊ आहे?"

सिद्धरामच्या तोंडाचा रंग उतरला. "हाय," तो म्हणाला.

"त्यालाही आणा."

उज्वला त्या दोन काड्यांकडं बघत राहिली. 'बाईंचा तर नाहीच' हे सासूच्या देखत कुणीतरी बोललं होतं. केवळाबाईनं कागदाची बारीक घडी केली आणि कमरेला खोचली.

देगलूरच्या स्टँडवर उतरल्यावर ती उज्वलाला बाजूला घेऊन म्हणाली, "सिद्ध्याची सोयरीक मोडली तर तुलाबी ठेवणार न्हाई. गप राहिलीस तर थोरल्याचं दुसरं लगीन काढणार न्हाई. बघ."

"कागद मला द्या, आत्या."

"चुलीला लागंल तो."

सिद्धराम रसवंतीकडं तोंड करून उभा होता. घरी गेल्यावर केवळाबाईनं सांगितलं, दोघांचंबी चांगलं निघालं. व्यंकटीचं रक्त तपासायचं राहिलं ते राहिलंच. मुखेडच्या पोरीचं नाव पुन्हा निघालं नाही.

फाल्गुनात सिद्धरामची बायको होऊन शिवकांता आली. वीस वर्षांची, बडबडी. उज्वलाला अक्का म्हणायची, तिच्या हातची भाजी मागून खायची. पुढच्या येळवशीला तिला तिसरा महिना होता.

त्या सकाळी तिनं उज्वलाला गोठ्यामागं बोलावलं. "अक्का, डाग दिसला ओ. आत्याला सांगू का?"

डॉक्टरबाईंचा नंबर उज्वलाच्या फोनमध्ये होता. तिनं फोन काढला नाही. संध्याकाळपर्यंत घरात दोष शोधायला सुरुवात होणार, हे तिला दहा वर्षांच्या सवयीनं माहीत होतं. या पोरीनं पपई खाल्ली नव्हती, ती बसमध्ये चढली नव्हती. मग दोष नजरेवर जाणार, आणि लेकरू नसलेली बाई घरात एकच होती.

"सणाच्या दिवशी कशाला घाबरवतीस सगळ्यांला? होतंय पहिल्या येळी," ती म्हणाली.

केवळाबाई दोन्ही लेकांबरोबर आधीच शेतात गेली होती. अंगणात उज्वलानं चुंबळ केली, शिवकांताच्या डोक्यावर ठेवली. "आज तू घे. नव्या सुनेचा मान हाय." मग भरलेली घागर दोन्ही हातांनी उचलून तिच्या डोक्यावर नीट बसवली, आंबील हिंदकळणार नाही अशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवकांताला देगलूरच्या दवाखान्यातून घरी आणून बाजेवर निजवलं. केवळाबाई उशाशी उभी राहिली.

"घागर उचलायला कुणी सांगितलं होतं?"

शिवकांतानं उज्वलाकडं बघितलं.

"मी म्हणलं होतं, राहू दे," उज्वला म्हणाली. "हिलाच हौस दांडगी."

केवळाबाईनं थोरल्या सुनेकडं नीट बघितलं. "चहा टाक," ती म्हणाली. "तूबी घे घोटभर." आणि शेजारणींना सांगायला बाहेर गेली.

शिवकांता हळूच म्हणाली, "अक्का, घागरीनंच गेलं का ओ?"

उज्वलानं तिच्या पायांवर वाकळ ओढली.

"हाव," ती म्हणाली. "पुढच्या येळी उचलू नको."