हे बी अंडंच

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, कमलताई गेल्या.

त्या निवृत्त परिचारिका. नांदुऱ्यातल्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर त्यांचं एकटीचंच, आणि सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणे. शाळेत मराठी शिकवायला मी दुसरबीडहून आले आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली. आम्ही दोघीही एकट्या. मधली भिंत एकच.

पहिल्या ईस्टरला उजाडायच्या आत माझी कडी वाजली. पांढरी साडी नेसलेल्या ताई दारात होत्या. हातातल्या टोपलीत कांद्याच्या टरफलांत उकडून तांबूस झालेली अंडी.

"प्रभू उठला आहे!" त्या म्हणाल्या.

मी गोंधळून म्हटलं, "ताई, मी अंडं खात नाही."

"माईत हाय मले. तुह्यासाठी येगळं आनलं." त्यांनी कागदाची एक पुडी माझ्या हातावर ठेवली. "घे. हे बी अंडंच हाय."

हेसुद्धा अंडंच, असं समजून मी ती पुडी न उघडता खिडकीत ठेवली. संध्याकाळी त्यांना ती तशीच दिसली आणि हसता हसता त्या पायरीवरच बसल्या. "अवो बाई, मराठी शिकवते न तू? बी! वालाचं बी! अंड्यात जीव झोपला असते, तसा याच्यात झोपला हाय. पानी पडलं की लावजो."

त्यानंतर दर ईस्टरला मला पुडी आली. दर पावसाळ्यात आमच्या मधल्या भिंतीवर वेल चढला. शेंगा आम्ही दोघी खायचो आणि बी ताई राखून ठेवायच्या.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस सुरू झाले की त्या बाजारात कांद्याची टरफलं गोळा करत फिरत. भाजीवाली चिडवायची, "सिस्टर, कांदे घेसान का नुसतेच सालटं?"

"कांदे तू इकशीन. सालटं कोन घेते तुह्ये?" पिशवी पुढे करत त्या म्हणायच्या.

ईस्टरच्या पहाटे त्या आधी कबरस्तानातली प्रार्थना करून येत आणि मग टोपली घेऊन दारोदार निघत. समोरचे हमीदभाई गादीवाले तेव्हा नुकतेच उठून दारात दात घासत असत. "प्रभू उठला आहे!" हे ताईंचं वाक्य ऐकलं की तोंडातला फेस थुंकून ते म्हणत, "मी बी उठलो, सिस्टर!"

"तुमी त रोजच उठता, हमीदभाई. तो एकडावच उठला, म्हनून सांगून राह्यली."

दर वर्षी हेच. हे बोलणं ऐकल्याशिवाय आमच्या गल्लीत ईस्टर होत नसे.

यंदा ताईंचं हृदय थकलं. डॉक्टरांनी खाटेवरून उतरू नका म्हणून सांगितलं. त्यांना घोर एकाच गोष्टीचा होता: टोपली फिरली पाहिजे. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, प्रार्थनेलाही त्यांना जाता आलं नाही. संध्याकाळी त्यांनी मला चुलीशी बसवलं आणि खाटेवरून सांगत राहिल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा अंड्याला हात लावला.

"हळू वो, बाई. पोरीच्या गालाले लावतो तसा हात लाव."

"रंग धरला की नाही, ताई?"

"धरला. परवा मी नाई उठली, त तूच जाजो."

"आणि म्हणू काय?"

"मी म्हनते तेच."

त्यांची माती रविवारी दुपारी व्हायची होती. पहाटे मी त्यांच्याजवळ बसलेल्या बायकांना सांगून टोपली उचलली. कुणाच्याच दारात माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मी अंडं पुढे धरायची, माणसं दोन्ही हातांनी घ्यायची.

हमीदभाई दारातच उभे होते. त्यांनी अंडं घेतलं, पण वाट सोडली नाही. "बाई, सिस्टर काय म्हनत होत्या? ते म्हना न."

मी टोपली खाली ठेवली. मग म्हटलं, "प्रभू उठला आहे."

"मी बी..." ते म्हणाले आणि त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मग जमिनीकडे पाहत त्यांनी वाक्य पुरं केलं. "मी बी उठलो, सिस्टर."

टोपलीत तळाशी माझी पुडी होती. ती ताईंनी कधी ठेवली, मला कळलं नाही. पाणी पडल्यावर मी बी लावलं. वेल माझ्या बाजूने चढला आणि त्यांच्या बाजूला उतरला. तिकडच्या शेंगा तोडायला कुणी नव्हतं; त्या वेलावरच वाळल्या.

आता शेजारच्या खोलीला कुलूप आहे आणि माझ्याकडे मूठभर बी आहे.